पोटात कुणी काय घातलं

आमच्या लिंबायत वस्तीतल्या घरात आजाराला कारण लागतंच. ताप आला तर उन्हात कोण फिरलं, जुलाब झाले तर काय खाल्लं, आणि ते खायला कुणी सांगितलं होतं. कारणाशिवाय आजार येतो हे सासूबाईंना मान्यच नाही. माझं पोट दुखायला लागलं तेव्हा या सगळ्या चौकशा झाल्या, वांग्याचं भरीत आणि काळा मसाला बंद झाला, पण पोट काही थांबेना.

दुखणं उजवीकडे, बेंबीच्या खाली. जेवले की कळ यायची, आणि कळ आली की संडासाकडे पळत सुटायचं. मी घरी बसून साड्यांचं धागा कटिंग करते. एम्ब्रॉयडरी मशीनवरून आलेल्या साडीच्या उलट्या बाजूला दोरे लोंबत असतात, ते कात्रीने कापायचे. दिवसभर वाकून बसलं की पाठ धरते, मग मेडिकलमधून दुखायची गोळी. पुढे गुडघे आणि मनगटंही सुजायला लागली, तशा गोळ्या वाढल्या. एवढ्यातेवढ्याला डॉक्टरकडे जाणारी माणसं आम्ही नव्हे.

नवरा आणि जेठ, म्हणजे मोठे दीर, दोघंही कापडाच्या लूमवर. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी, त्यामुळे खाट एकच पुरायची. आम्ही जावा मात्र दोघी दिवसभर घरात, चूलही एकच. थोरली स्वयंपाक करायची, मी साड्यांना बसायची. तिच्या हाताला चव होती आणि माझ्या हाताला कात्रीचा वेग. त्यामुळे माझ्या पोटात जाणारा प्रत्येक घास तिच्याच हातचा, हे कुणालाही दिसत होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी आतड्याचा टीबी सांगून गोळ्या चालू केल्या. महिने गेले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, तेव्हा सासूबाई एक दिवस माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुले कोनीतरी पोटमा घालेल शे."

आमच्यात असं मानतात की वैर धरलेलं माणूस मंतरलेलं काहीतरी जेवणातून घालतं आणि ते पोटात घर करून राहतं. ते ओकून काढून देणारेही असतात. असा एक जण शहराबाहेर, कडोदऱ्याच्या पुढे बसायचा. मला रिक्षात घालून तिकडे नेलं. त्याने कसलासा कडू काढा पाजला आणि मी घमेल्यात ओकत राहिले. शेवटी नुसतं हिरवं पाणी पडत होतं. माझं कपाळ थोरल्या जावेने धरलं होतं, दुसऱ्या हाताने ती पाठ चोळत होती. मग त्या माणसाने घमेल्यात काडी फिरवली आणि वर उचलली. काडीला लाल दोऱ्याचा गुंता होता, आणि त्यात एक लांब केस.

सासूबाईंनी आधी काडीकडे पाहिलं आणि मग थोरलीकडे.

मी तिथेच सांगितलं की घरात लाल साड्यांचा ढीग पडलाय, दोरा सगळीकडे उडतोय. आमच्याकडे दोरा पिठात सापडतो, वरणात सापडतो, पाण्याच्या माठात तरंगतो, माझ्या पोरीच्या वेणीत निघतो. भाकरी खाताना दातात दोरा आला तर आम्ही तो ओढून टाकतो आणि पुढचा घास घेतो. कटिंगचं काम करणाऱ्या कुठल्याही बाईला ओकायला लावा, साडीचा रंग सांगता येईल! पण आजारी बाईचं ऐकतो कोण? पोटात जे घातलंय तेच हिच्या तोंडून बोलतंय, असं मला सांगण्यात आलं.

परतताना रिक्षात थोरली माझ्या कानाशी म्हणाली, "मी तुले काई घालं नही वो."

"माले माहित शे, ताई," मी म्हटलं.

माहीत असून काय उपयोग? तिने पाण्याचा पेला पुढे केला की सासूबाई तो काढून घ्यायच्या. तिला चुलीजवळ बसू देईनात. रातपाळी करून आलेल्या जेठाला रोज उशाशी आईकडून हेच ऐकायला मिळायचं. शेवटी भांडी वाटली गेली आणि ती दोघं पर्वत पाटिया भागात भाड्याच्या खोलीत राहायला गेली. माझा नवरा दारात बसून बिडी ओढत राहिला. त्याचा मला आजही राग आहे.

आता सासूबाई रांधायच्या आणि माझं पोट दुखतच होतं. याचा अर्थ काय, हे कुणी एकमेकांना विचारलं नाही. मग एक दिवस शौचातून रक्त गेलं आणि मी मोरीतच कोसळले. मोठ्या दवाखान्यात नेलं, आत कॅमेरा घालून आतड्याचा तुकडा काढून तपासला. तो टीबी नव्हता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, क्रोन्स. मी ते तीनदा म्हणून पाहिलं.

त्यांनी विचारलं, बिडी-सिगारेट ओढता का? नाही. दुखायच्या गोळ्या? त्या मात्र पोटभर. तशाने हे दुखणं उसळू शकतं, म्हणून त्या आधी बंद, असं त्या म्हणाल्या. घरात आणखी कुणाला असं होतं का? मी नाही म्हटलं. माहेरहून येऊन शेजारी बसलेली माझी आई खिडकीबाहेर बघायला लागली.

मग मी कारण विचारलं. पक्कं एक कारण कुणालाच ठाऊक नाही, त्या म्हणाल्या. शरीराचा जो पहारेकरी रोगाला मारायला ठेवलेला, तोच आपल्या आतड्यावर उलटतो. काही अंशी रक्तातून येतं, धुराने जोर धरतं, शहरातल्या खाण्याजगण्याचाही हात असावा. तिखटाने आणि काळजीने त्रास वाढतो, पण आजार त्यांच्यामुळे होत नाही.

"और किसी ने खाने में कुछ डाला हो तो?" मी विचारलं.

"नहीं बहन," त्या म्हणाल्या. "ये किसी के खिलाने से नहीं होता."

बाहेर आल्यावर आई भिंतीला टेकली. "तुना मामाले बी असंच व्हतं," ती म्हणाली. ज्या मामाला मी फक्त फोटोत पाहिलं होतं, तो असाच झिजून गेला होता. माझं लग्न जमावं म्हणून ही गोष्ट माहेरी सगळ्यांनी गिळली होती. "आते कोनले सांगू नको. तुनी पोर शे."

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, आणि संध्याकाळी घरीही. हे माझ्या माहेरचं आहे, ताईंचा काही संबंध नाही. सासूबाईंनी माझ्या पोरीला हाताला धरून उजेडात नेलं आणि तिचं पोट दाबून पाहिलं. घरात एकाला असलं तरी बहुतेक मुलांना होत नाही, हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य मी दोनदा सांगितलं. कुणाच्या डोक्यात ते शिरलं नाही. पोर जेवली नाही की आता सगळं घर तिच्याकडे बघतं, आणि खोटं का बोलू, मीही बघते.

थोरलीकडे कुणी गेलं नाही. चालण्याइतकी ताकद आल्यावर मीच पर्वत पाटियाला गेले. ती साडी मांडीवर घेऊन दोरे कापत बसली होती. मी मामापासून ते जेवणात कुणी काही घातलं का हे डॉक्टरीणबाईंना विचारल्यापर्यंत सगळं सांगितलं, तरी तिची कात्री चालूच होती.

"मंग तुले डागदरले इचारनं पडनं?" ती म्हणाली.

ती उठली आणि चहा टाकला. दोन कप भरले. त्यातला माझा कप तिने माझ्यासमोर उचलला, त्यातला एक घोट स्वतः घेतला, गिळला, आणि मग तो माझ्यापुढे सरकवला. मला ओरडून रडावंसं वाटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. दूध मला आता सोसत नाही, तरी मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.