थांबूकाकांच्या अकरा ओळी

आमच्या ऑफिसात थांबूकाकांचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकाला ठाऊक आहे. ‘जरा थांबू’ हे त्यांचं लाडकं वाक्य, त्यावरून हे नाव पडलं. ते चहा गार होईपर्यंत थांबतात, लिफ्ट रिकामी येईपर्यंत थांबतात आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचं भांडून झालं की मग घसा खाकरतात.

आम्ही वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा बनवतो. धंद्यात त्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्याच्या पोटात एक जावास्क्रिप्ट लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, असते. ती आमची नव्हे, कुठल्याशा लांबच्या मंडळींनी लिहून सगळ्यांना वापरायला दिलेली. पानावरचं बटण दाबल्यावर जे काही घडतं ते तिच्याच जिवावर. तिची नवी आवृत्ती सांगाड्यात कधी घालायची, हे ठरवणार थांबूकाका. हे काम त्यांना कुणी दिलं, त्याचा शोध मी अजून घेतेय.

नव्या आवृत्तीतल्या चुका तिच्या कर्त्यांनी तीनदा दुरुस्त केल्याशिवाय ती घ्यायची नाही, असा काकांचा नियम. शहाणपणाचा आहे, नाही म्हणत नाही. पण या खेपेला सात दुरुस्त्या होऊन गेल्या, तरी काकांचं आपलं ‘जरा थांबू’ चालूच. विचारलं तर ताकास तूर लागू देत नव्हते.

मग जुन्या आवृत्तीत चोरांना आत शिरता येईल असं भोक सापडलं. आमच्या प्रमुख बाईंनी फर्मान काढलं, शुक्रवारपर्यंत बदला. मी चाचणी विभागातली. लोकांच्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि मला धीर अजिबात नाही. काकांची वाट न पाहता मी आमच्याकडची जुनी प्रत मूळ कर्त्यांच्या प्रतीशी ताडून पाहिली. दोन्ही अक्षरशः एकसारख्या हव्यात. आमच्या प्रतीत अकरा ओळी जास्त निघाल्या. बदलांच्या नोंदीप्रमाणे घातलेल्या काकांनीच!

‘दुसऱ्याच्या लायब्ररीला हात लावायचा नाही’ हे नव्या माणसांना घोकून घेणारे हेच काका. मी त्यांच्या टेबलावर कागदच आपटला.

“काका, हे काय? नवी आवृत्ती घातली की या ओळी पुसल्या जाणार, म्हणून अडून बसलात ना?”

“जरा हळू बोल गं.” ते कानापर्यंत लाल झाले होते.

“आधी सांगा, या ओळी करतात काय?”

“एका सेकंदात बटण दोनदा दाबलं गेलं, तर दुसरं दाबणं मोजत नाहीत.”

“आणि एवढं लपवण्यासारखं काय त्यात?”

त्यांनी चष्मा पुसला. मग एकदाचे बोलले. त्यांच्या आईचा हात थरथरतो. व्यायामासाठी हॉस्पिटलची वेळ ती स्वतः वेबसाइटवर घेते, दुसऱ्या कुणाला माउसला हात लावू देत नाही. बोट थरथरलं की बटण दोनदा दाबलं जायचं, दोन वेळा नोंदल्या जायच्या आणि हॉस्पिटल दोन्ही रद्द करायचं. ती वेबसाइट आमच्याच सांगाड्यावर उभी आहे.

“मग हे लायब्ररीवाल्यांना पाठवायचं होतं. त्यांनी घेतलं असतं, कायमचं झालं असतं.”

“कारण लिहावं लागतं. आईने बजावलंय, माझ्या हाताची दवंडी पिटायची नाही.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि काकांवर मायाही आली. पण शुक्रवार काही थांबणार नव्हता. मी फोन उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्पीकर चालू करून आईला लावला.

सगळं ऐकून आईंनी विचारलं, “माझ्यासारखे आणखी असतील का रे?”

“असतील की गं.”

“मग लिही. पण आई लिही, रुग्ण लिहू नकोस.”

काकांनी त्या अकरा ओळी लायब्ररीच्या कर्त्यांना पाठवल्या. कारणाच्या रकान्यात एकच वाक्य लिहिलं: माझ्या आईचा हात थरथरतो. त्यानंतर दोन दिवस ते दर पाच मिनिटांनी ईमेल उघडून बघत होते. आयुष्यभर जगाला थांबवणाऱ्या माणसाला थांबवेना! मी दोनदा चिडवून घेतलं.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. कधी न भेटलेल्या, नावही न ऐकलेल्या कुणा माणसाचं. काकांनी ते वाचलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला.

‘घेतो. फक्त एका सेकंदाचे दोन करा. माझ्या वडिलांना एक पुरत नाही.’