क्लेमेंटचा हिरवा

पाचूबंदरच्या कोळ्याचा मुलगा होडीत बसला की ओकायचा, हे ऐकून लोक हसत. क्लेमेंटच्या बापाला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. चार-पाच वेळा समुद्रात नेऊन पाहिल्यावर त्याने मुलाला माझगावला एका तांबटाकडे कामाला ठेवलं. तिथे क्लेमेंट तांब्याचा पत्रा ठोकून त्यातून मासे, होड्या, नारळीची झाडं उठवायला शिकला. शिवाय तांब्यावर रंग आणायलाही तिथेच शिकला.

हा ब्रशने लावायचा रंग नव्हे. तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, भांड्याला हिरवं चढतं आणि आपण ते चिंचेने घासून काढतो. क्लेमेंट तेच हिरवं मुद्दाम चढवायचा. स्वच्छ केलेल्या पत्र्यावर मीठ आणि व्हिनेगरचं पाणी शिंपडायचा आणि पत्रा लाकडी पेटीत अमोनियाच्या वाडग्यावर अधांतरी ठेवून पेटी बंद करायचा. वाफेने आधी तपकिरी, मग निळा, मग हिरवा असा रंग उमटत जायचा. पेटी कधी उघडायची, यातच सगळी कला होती. मग पत्रा धुवायचा, सावलीत वाळवायचा, जरा गरम करून त्यावर मधमाशीचं मेण चोळायचं. मेण नीट बसलं नाही तर आमच्या खाऱ्या हवेत महिन्याभरात त्या रंगाची भुकटी होऊन बोटाला लागायची. मेणाचं काम त्याची बायको आल्बिना करायची.

त्यांची मुलगी प्रीतल ब्याण्णव साली शाळेत माझी विद्यार्थिनी होती, म्हणून माझं त्या घरी जाणं-येणं. तेव्हा घरामागच्या शेडमध्ये क्लेमेंटचं काम जोरात होतं. हर्षवर्धन नावाचे एक सजावटकार त्याच्याकडून हॉटेलांसाठी भिंतीवरची चित्रं करून घ्यायचे. त्याच्या शेवाळी हिरव्याला ते ‘क्लेमेंटचा हिरवा’च म्हणायचे.

अठ्ठ्याण्णव साली तो हिरवा बिघडला. हर्षवर्धननी सहा चित्रं परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती, की हा शेवाळी नाही, झगझगीत निळा आहे. क्लेमेंट चिडला. आधी पत्र्याला नावं ठेवली, मग अमोनियाला, मग हर्षवर्धनना. पुढची चित्रं त्याने पेटीत आणखी एक दिवस ठेवली आणि रंग मिठानेच मळतो असं धरून मीठ जवळजवळ बंद केलं. मिठावाचून हिरवा चढत नाही, म्हणून ती आणखी निळी निघाली. त्याला मात्र ती मळकी दिसत होती.

आल्बिनाला खरं कारण ईस्टरच्या दिवशी कळलं. तिने नवं गडद निळं लुगडं नेसलं होतं. चर्चमध्ये मिस्साला निघताना क्लेमेंट तिच्याकडे बघून म्हणाला, “आज सनाच्या दिवशी काळं कशाला नेसलीस?”

देवळात गुडघे टेकले तरी तिचं लक्ष प्रार्थनेत लागलं नाही. संध्याकाळी तिने हळूच विषय काढला. “डोळे एकदा दाखवून येऊ या का?”

“माझ्या डोळ्यांना काय झालंय?”

“काही नाय. पन दाखवायला काय जातंय?”

“माझ्या बापाचे पन असेच दाखवले होते,” तो म्हणाला आणि उठून शेडमध्ये गेला.

त्याच्या बापाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं. म्हातारा शेवटची सात वर्षं ओटीवर बसून, समोरून कोण गेलं ते पावलांवरून ओळखायचा. आल्बिना लग्न होऊन आली ती त्याला हाताला धरून विहिरीवर न्यायला. तिला त्या घरातली ही भीती ठाऊक होती, म्हणून तिने पुन्हा डोळ्यांचं नाव काढलं नाही.

पण परत आलेली चित्रं शेडमध्ये भिंतीला टेकून होती आणि क्लेमेंट दिवसेंदिवस कमी जेवत होता. एका दुपारी तो बंदरावर गेलेला असताना आल्बिनाने त्यातलं एक चित्र उचललं. इतकी वर्षं ती मेण लावत होती. कुठला रंग धुतल्यावर टिकतो, मिठाने काय होतं, गरम केल्यावर कडा कशा काळवंडतात, हे तिने रोज पाहिलं होतं. तिने निळा अर्धवट धुऊन काढला, मीठ-व्हिनेगरचा बोळा फिरवला, चित्र पुन्हा वाफेवर धरलं. वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं आणि खिडकीत गोणपाट कोंबलं.

असं एकेक करून तिने सगळी चित्रं केली; क्लेमेंटला फरक दिसला नाही. ती पुन्हा हर्षवर्धनकडे गेली आणि ठेवून घेतली गेली. पुढच्या खेपेला ते स्वतः आले. म्हणाले, “क्लेमेंट, तुमचा हात परत आला. खरं सांगू, आधीपेक्षा चांगला आलाय.”

क्लेमेंट खुलला. “मी म्हनलं होतं ना, अमोनियाच खराब होता,” तो आल्बिनाला म्हणाला. तिने मान हलवली.

असं दोन वर्षं चाललं. क्लेमेंट चित्र करायचा, पेटीतून काढायचा आणि मेणासाठी बायकोच्या हाती द्यायचा. तो दुपारी बाहेर पडला की ती दार लावून घ्यायची. तिला खोकला जडला. मी विचारलं तर म्हणायची, “बाई, बोंबील सुकवायचे दिवस आहेत, धूळ उडते.”

दोन हजार एक साली पत्रा कापताना कात्री क्लेमेंटच्या अंगठ्यात हाडापर्यंत गेली. प्रीतल तोवर नर्स झाली होती. तिने बापाचा हात शिवून घेतला आणि त्याच फेरीत त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता; पिवळट काचेतून बघावं तसं त्याला निळं काळपट, मळकं दिसत होतं.

“पप्पा, आजोबांच्या वेळी डोळ्यात भिंग बसवत नव्हते. आता बसवतात. मी टेबलाशेजारी उभी राहीन,” ती म्हणाली.

तो अखेर तयार झाला. पट्टी निघाली तेव्हा त्याने आधी दवाखान्यातली बादली पाहिली. “किती निळी आहे,” तो म्हणाला आणि रडायला लागला. घरी येताना रिक्षातून आभाळ बघत होता. आल्बिना मात्र मनातून घाबरली होती. दवाखान्याच्या धावपळीत शेडमधली चार चित्रं तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेडमध्ये गेला. फळीवर ती चार चित्रं होती, त्या बादलीसारखी निळी. शेजारी गुंडाळायला ठेवलेलं पाचवं होतं, शेवाळी हिरवं, कडांना तपकिरी, माशाच्या खवल्यांत मधूनच तांब्याची लाली. क्लेमेंटने ते पाचवं हातात घेतलं. मग त्याने हाक मारली.

“हे कोनी केलं?”

“तुमीच केलंय.”

“आल्बिना. मला आता दिसतंय.”

मग तिने सगळं सांगितलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, “दोन वर्षं लोकांनी माझं कौतुक केलं आनि तू ऐकत उभी राहिलीस.”

आठवडाभर त्याने तिच्याशी अबोला धरला. आल्बिना माझ्याकडे येऊन बसायची. “मी चोरी केली का हो, बाई?” तिने एकदा विचारलं.

नवव्या दिवशी क्लेमेंट आपण होऊन हर्षवर्धनकडे गेला आणि खरं ते सांगून आला. ते म्हणाले, “मग रंगाचं काम वहिनींनाच करू द्या.” हे तो घरी येऊन जसंच्या तसं बोलला. बोलताना त्याचा चेहरा उतरला होता, पण त्याने एक शब्दही गाळला नाही.

पण ते होणं नव्हतं. आल्बिनाचा खोकला थांबेना म्हणून प्रीतलने तिला तपासायला नेलं. बंद शेडमधल्या वाफेने तिची छाती खराब केली होती. डॉक्टरांनी अमोनियाच्या जवळपासही जायचं नाही असं बजावलं. प्रीतलने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा क्लेमेंट उठला. शेडच्या खिडकीतलं गोणपाट काढलं, मग खिडकीची चौकटही उखडून काढली. मागची भिंत अर्धी पाडून तिथे जाळी बसवली.

नंतर मी गेले की असं दिसायचं: आल्बिना दूर ओटीवर, वाऱ्याने वाफ येणार नाही अशा बाजूला बसलेली. क्लेमेंट तोंडाला फडकं बांधून पेटी उघडायचा, चित्र चिमट्यात धरून ओटीसमोर उन्हात आणायचा आणि तिला दाखवायचा.

“झालं?”

ती डोळे बारीक करून बघायची. “नाय. आनखी थोडं मीठ.”

तो निमूटपणे परत जायचा. तिच्या हातचा हिरवा त्याला पुरता कधी साधला नाही. हर्षवर्धनची कामं कमी झाली, पण थांबली नाहीत. एकदा चित्र तिसऱ्यांदा परत नेताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, मला आता सगळं दिसतं. पन हिला जे दिसतं ते नाय दिसत.” ओटीवर आल्बिनाला खोकल्याची उबळ आली. त्याने चित्र खाली ठेवलं आणि पाणी आणायला आत गेला.