सहा वाजता दुकान मोठं होतं

माझी सून नागपूरची. तिचा स्वयंपाक तिखट आणि जीभही तिखट. अमेरिकेत ॲन आर्बरला तिनं दुकान काढलं तेव्हा मी मुलाकडे राहायला आले होते. दोन टेबलं, एक तवा, एक काउंटर. एका बाजूला सायकली दुरुस्त करणारा आणि दुसऱ्या बाजूला चांभार. मोठा रस्ता सोडून गल्लीत वळलं तरच आमचं दुकान दिसायचं, आणि थंडीत कोणी वळत नसे.

थालीपीठ, झुणका-भाकर, वडा-भात आणि कोथिंबिरीची वडी एवढंच मिळायचं. वडीवरून आमचं रोज वाजे. नागपुराकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिनं फळ्यावर सांबारवडी लिहिलं की दक्षिणेकडची पोरं येऊन सांबार मागत.

"नाव बदल गं," मी म्हणायची.

"मी नाही बदलत, आई. त्यांनी शिकावं."

कोणी शिकत नव्हतं. हिवाळा संपत आला तरी दुपारी टेबलं रिकामी. मुलानं स्पष्टच सांगितलं, "एप्रिलपर्यंत बघू, नाहीतर बंद करून टाक." त्यानंच तिच्यासाठी एका ऑफिसात नोकरी शोधली. मंगळवारी इंटरव्ह्यू ठरला. सून उठून घासलेलाच तवा पुन्हा घासायला लागली, म्हणजे तिला लागलंय हे मला कळलं.

त्या इंटरव्ह्यूच्या आधीचा शनिवार आमच्या नशिबात आला. गावात एक रिटायर झालेली शाळामास्तरीण होती. ती लोकांना पायी फिरवून गावातली खाण्याची दुकानं दाखवायची. तिचा नियम एकच. कंपनीचं दुकान नको, मालक स्वतः काउंटरमागे उभा असेल तेच दुकान. प्रत्येक ठिकाणी एक घास खायचा, मालकानं दोन शब्द बोलायचे, पुढे चालायचं. ती एकदा येऊन आमचं थालीपीठ खाऊन गेली होती. म्हणाली, या शनिवारी माणसं घेऊन येते, जमलं तर दर शनिवारी येईन. दर शनिवारी दहा-बारा नवी तोंडं! आणि खाऊन गेलेला माणूस एकदा तरी परत येतोच. सुनेला दुसरी काही जाहिरात परवडणारी नव्हती.

मास्तरणीनं मलाही फिरायला बोलावलं. मी गेले. लुगड्यावर मुलाचा जुना कोट, पायात कॅनव्हासचे बूट. मास्तरीण पिवळी छत्री उंच धरून पुढे चालत होती, पाऊस नसताना. मागे आम्ही मेंढरांसारखे.

पहिलं दुकान पावाचं. दोघा भावांचं. पावाची कड अशी कडक की माझ्या कवळीनं हात टेकले. आतला भाग मात्र चांगला होता, ते मी खोटं बोलणार नाही. दुसरं दुकान चीजचं. दारातच नाकाला पदर लावला. त्या बाईनं एका निळ्या बुरशीच्या तुकड्याबद्दल असं सांगितलं, की जणू मुलगी दाखवायला आणलीय. मी तुकडा गिळला. वास वाईट, चव बरी.

तिसरा काकड्यांचं लोणचं करणारा म्हातारा. त्यात तेल नाही, मोहरी नाही, तिखट नाही. मिठाच्या पाण्यात काकडी, बस. मी मनात म्हटलं, याला लोणचं म्हणायचं तर आमच्याकडच्या बरणीनं कुठे तोंड लपवावं? पण तो म्हातारा एप्रन बांधून ताठ उभा राहिला आणि आजोबांची रीत त्यानं कशी टिकवली ते सांगू लागला. तेव्हा सगळे खाणं थांबवून ऐकत होते. माझ्या लक्षात आलं, लोक काकडी खायला आले नव्हते, म्हाताऱ्याला बघायला आले होते.

आणि मला सुनेची काळजी लागली. कारण सून रांधायला घाबरत नाही, पण चार माणसांपुढे बोलायचं म्हटलं की तिची वाचा बसते. लग्नात उखाणासुद्धा तिच्या बहिणीनं घेतला होता.

शेवटी आम्ही गल्लीत वळलो. मुलगा शनिवार म्हणून मदतीला आला होता, पाण्याचे पेले भरत होता. सुनेनं थालीपिठाचे चतकोर करून त्यावर लोण्याचे गोळे ठेवले होते. दुकानात माणसं मावेनात, दोघं दारातच उभे. मास्तरणीनं हात करून सांगितलं, आता मालकीणबाई बोलतील.

सून म्हणाली, "हाय. धिस इज थालीपीठ."

आणि संपलं. मग ती लोण्याचे गोळे उगाच सरळ करत राहिली. लोक खात होते, मान हलवत होते, पण बोलत कोणीच नव्हतं. मास्तरणीनं घड्याळ पाहिलं. मुलानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघ, मी सांगत नव्हतो का, असं.

एक उंच माणूस होता. भला असावा. शांतता भरून काढायला त्यानं मलाच विचारलं, संध्याकाळी कामावरून सुटल्यावर यायचं झालं तर तुम्ही किती वाजता बंद करता?

मी चौथी शिकलेली आहे, पण इथं आल्यावर लायब्ररीतल्या वर्गाला जाऊन कामापुरतं इंग्रजी शिकले होते. प्रश्न मला कळला. क्लोज हा शब्दही मला येत होता, दारावरच्या पाटीवर रोज बघत होते. पण आमच्या ह्यांचं सांगलीकडे भुसार मालाचं दुकान होतं. तीस-पस्तीस वर्षं संध्याकाळी फळ्या लावताना त्यांनी एकदाही दुकान बंद करतो म्हटलं नाही. दुकान वाढवतो, असंच म्हणायचे. चालत्या दुकानाला बंद म्हणू नये. दिवा विझवू नये, वाढवावा. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं. आणि आज, सून तोंड बांधल्यासारखी उभी असताना, मंगळवारचा इंटरव्ह्यू डोक्यावर असताना, मी माझ्या तोंडानं क्लोज म्हणू? मेले तरी नाही.

मी म्हटलं, "सिक्स ओ'क्लॉक, वुई मेक शॉप बिग."

त्या माणसानं आमच्या दोन टेबलांकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "टुडे?"

"एव्हरी डे," मी म्हटलं.

सगळं दुकान हसलं. मुलानं कपाळाला हात लावला. "आई, क्लोज म्हण ना! क्लोज!"

"तू म्हण. माझ्या तोंडून यायचं नाही."

"अगं, त्यांना वाटलं आपण रोज भिंत पाडतो!"

"वाटू दे. तुझ्या बापाच्या दुकानावर वाढलास आणि बंद बंद करतोस."

तेव्हा सून हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग मोठ्यानं, नागपुरी हसणं. "बरोबर बोलल्या आई," ती म्हणाली, आणि लोकांकडे वळून इंग्रजीत सांगू लागली. सासूबाई चुकल्या नाहीत, आमच्यात दुकान बंद होत नाही, वाढतं. दिव्याचं सांगितलं, बांगडीचं सांगितलं. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात, हेही सांगितलं. घरातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, म्हणून तुम्हीही आज इथून निघताना येतो म्हणायचं. मग थालीपिठावर आली. भाजणीत काय काय असतं, प्रत्येक धान्य वेगळं का भाजायचं, मध्ये भोक कशाला. तवा तापलेलाच होता. तिनं ओल्या फडक्यावर एक थापून दाखवलं, बोटानं भोकं पाडली, तेल सोडलं. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिचं तिलाच थांबता येत नव्हतं. शेवटी मास्तरणीला छत्री वर करावी लागली.

जाताना उंच माणूस दारात थांबला आणि "येटो" म्हणाला. त्याच्यामागे सगळेच म्हणाले, कोणाचं येटो, कोणाचं येरो. मास्तरीण मागे राहिली. सुनेचा हात धरून म्हणाली, दर शनिवारी, शेवटचं दुकान तुमचं. पण बोलायचं तुम्ही, आणि या सासूबाईंना घरी ठेवायचं नाही.

संध्याकाळी गाडीत मुलगा म्हणाला, "मंगळवारी मी तुला इंटरव्ह्यूला सोडतो."

"कॅन्सल केलं."

"कधी?"

"भांडी घासताना. ऑफिस बंद होतं, मशीनवर निरोप ठेवला."

"मला न विचारता?"

"तू दुकानात सहा पेले पाणी भरलंस," सून म्हणाली, "त्याच्यात पार्टनर झालास का?"

मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होते. हसू आलं तर मुलाला आरशात दिसलं असतं.

एका शनिवारनं दुकान चालत नाही. सोमवारी कोणी आलं नाही, मला धाकधूक झाली. सून मात्र भाजणी भाजत होती, नेहमीपेक्षा दुप्पट. मंगळवारी दुपारी उंच माणूस आला, बरोबर ऑफिसातली तिघं. मग चीजवाली बाई आली, दुकानावर नवऱ्याला बसवून. सायकलवाला शेजारी असून त्या दिवशी पहिल्यांदा खायला आला. म्हणाला, वास रोज येत होता, पण खातात कसं ते माहीत नव्हतं. हातानं, सुनेनं सांगितलं.

एक वाजता मुलगा आला, जेवणाच्या सुट्टीत. बायको रुसली असेल असं वाटून समजूत काढायला आला असावा. दारात येऊन थबकला. टेबलं भरलेली, काउंटरपुढे चौघंजण उभे. तो सरळ आत घुसायला लागला.

"ओ, लाइनीत," सून म्हणाली. मान वर न करता, थालीपीठ थापता थापता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरमागे स्टुलावर बसून कोथिंबीर निवडत होते. लहानपणापासून तो असाच बघतो, आईनं पुढे घ्यावं म्हणून. मी कोथिंबीर निवडत राहिले. माझा इंजिनियर मुलगा माझ्या सुनेच्या दुकानात रांगेत उभा राहिला, पाचवा.