जाऊबाईंचं पास-नापास

विजय नगरात आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर सेन्सॉर बोर्ड राहतं. बोर्ड म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, प्रमोदिनी उबाळे.

सासरे फॅक्टरीच्या नोकरीसाठी नागपूरहून इथे हिंदी मुलखात आले, तेव्हापासून आमची उपासना हिंदीत आणि तिच्यानंतरची कुजबुज मराठीत चालते. काही वर्षांपूर्वी पाळकसाहेब प्रवचनात म्हणाले, ख्रिस्ती कुटुंबानं टीव्हीवर काय पाहावं याचा कोणीतरी विचार करायला हवा. बस, एवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई विचार करून राहिल्या. आता चर्चमधल्या कोणत्याही घरात नवा सिनेमा लावायचा, तर आधी त्यांना फोन. त्या पाहणार, मग सांगणार, पास की नापास.

पण पाहणं कसं, ते ऐका. रक्त, बाटली, शिवी किंवा नको तितकी जवळीक दिसली की बाई डोळे मिटतात आणि प्रभूची प्रार्थना सुरू करतात. प्रार्थना संपली की विचारतात, "विभा, झालं का?" मी शेजारी मटार सोलत बसलेली असते. ते दृश्य संपलं असेल तर मी "झालं" म्हणते, मग डोळे उघडतात. नसेल संपलं तर प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून. माझं हेच काम. पगार नाही, आणि चहाही मीच करायचा.

अशानं त्यांना सिनेमा काय कळणार, मला सांगा. एकात मामाला गुंडांनी भर चौकात भोसकलं. बाई प्रार्थनेत. नंतर म्हणतात, मामा स्वभावाचे भले, पण न सांगता निघून गेले हे काही बरं नाही. त्या सिनेमात शेवटापर्यंत इतके लोक न सांगता निघून गेले की वस्ती रिकामी झाली. जाऊबाईंचा शेरा, कुटुंबासह पाहावा! चर्चच्या तरुण संघाची पोरं बदमाश, मारधाडीचं काही पाहायचं असलं की मुद्दाम त्यांच्याकडूनच पास करून घेतात. आणि एक बिचारा स्वयंपाकाचा कार्यक्रम मात्र नापास झाला, कारण त्यातल्या बाईनं केकमध्ये रम घातली. आमच्या नाताळच्या केकमधल्या मनुका कशात भिजतात, ते मी सांगणार नाही. मला याच घरात राहायचं आहे.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं हो, पण मध्ये अंजनी होती. अंजनी म्हणजे जाऊबाईंची एकुलती एक लेक. नाटकाच्या नादानं मुंबईला निघाली, तेव्हा आई "जा" म्हणाली नाही की "नको" म्हणाली नाही, नुसते डोळे मिटून बसली. बारीकसारीक कामं करता करता यंदा पोरीला एका वेब सिरीजमध्ये खरंखुरं काम मिळालं. तिनं मला फोन केला. म्हणाली, काकू, सगळं जग पाहील, पण आईनं पाहिलं नाही तर मला त्याचं काही सुख नाही. माझा एकच मोठा सीन आहे, तेवढा तिनं डोळे उघडे ठेवून पाहावा. मग म्हणाली, पण त्यात नवरा पिऊन येतो.

मी कपाळाला हात लावला. अगं पोरी, बाटलीशिवायचा सीन मिळत नव्हता का?

रविवारी उपासनेहून आलो, जेवलो, आणि मी सिरीज लावली. जाऊबाईंनी चष्मा पुसला, तोंडावर काही दिसू दिलं नाही. पण मटार त्यांनीच ओढून घेतले, आणि टरफलं भांड्यात अन् दाणे कचऱ्यात टाकून राहिल्या.

पडद्यावर दार वाजलं. नवरा झोकांड्या खात आत आला, हातात बाटली. झालं, बाईंचे डोळे मिटले, ओठ हलू लागले. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून अंजनी बाहेर आली. साध्या सुती साडीत, थकलेली. समोर लेक उभी, आणि आई डोळे मिटून बसलेली. मला असा राग आला म्हणून सांगू! प्रार्थना संपली.

"विभा, झालं का?"

नवरा तिथेच होता. बाटलीही होती.

"झालं, ताई," मी म्हटलं.

बाईंनी डोळे उघडले, आणि नेमकं तेव्हाच त्यानं अंजनीच्या थोबाडीत मारली. जाऊबाई ताडकन उठल्या, मटारचं भांडं खाली. मला वाटलं, आता आपली खैर नाही. पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. अंजनीनं गालावर हात ठेवला, नवऱ्याला एक अशी शिवी घातली की आमच्या सात पिढ्यांत कोणी दिली नसेल, आणि दार उघडून तडक बाहेर पडली.

"बरोबर बोलली," जाऊबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, मागे घे. मी मागे घेतलं. बाटली, थोबाडीत, शिवी, सगळं त्यांनी पापणी न हलवता पाहिलं. त्यानंतर रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि आणखी एकदा पाहिलं.

मग अंजनीला फोन लावला. काम कसं झालं, याबद्दल बाई एक अक्षर बोलल्या नाहीत.

"काहून मारलं गं त्यानं एवढ्या जोरात? गाल सुजला तर नाही ना, बाळा?"

ते खोटंखोटं असतं आई, हात लागतही नाही, असं अंजनी तिकडून समजावत होती, आणि समजावता समजावता रडायला लागली. मग इकडे याही. मी जमिनीवर मटारची टरफलं वेचत होते, म्हणून माझं रडणं कोणाला दिसलं नाही.

पण चर्चमध्ये काय सांगायचं? सिरीजची खबर सगळीकडे पोचली होती. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांच्या बायकोनं जाऊबाईंना फाटकाशी गाठलंच. बाकीच्या बायका कान टवकारून उभ्या. प्रमोदिनी दीदी, वो अंजनीवाली सिरीज पास है कि नापास? माझा जीव खालीवर. पास म्हटलं तर इतक्या वर्षांची इज्जत जाणार, नापास म्हटलं तर पोरगी.

जाऊबाईंनी पर्स काखेत घट्ट धरली. इतकी वर्षं हिंदीत निकाल देणारी बाई, त्या दिवशी सरळ मराठीत बोलली.

"ज्याची पोरगी त्यात आहे, त्यानं पाहावी. बाकीच्यांनी आपापलं पाहून घ्यावं."