बरणीतलं हाड

फ्रीझरजवळून जाताना राऊत डॉक्टर त्यावर तळहात टेकवल्याशिवाय पुढे जात नसत. दिवसातून वीस वेळा तरी. मग मला विचारायचे, "सिस्टर, वीज गेली होती का?" गेलेली नसायचीच. त्यांच्या या सवयीचा मला मनापासून वैताग यायचा.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास वसईतल्या आमच्या लहानशा इस्पितळात त्यांनी हाडांची पेढी काढायचं मनावर घेतलं होतं. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या ऑपरेशनात हाडाचा गोळा काढून धातूचा बसवतात. काढलेला गोळा एरवी टाकूनच द्यायचा. डॉक्टर तो मागून घेत, तपासून बरणीत गोठवत. नातेवाईक बिचकायचे. "सगळ्या देहाला अग्नी मिळायला हवा," म्हणायचे. डॉक्टर येरझाऱ्या घालत त्यांना समजावत राहायचे. वर्षभरात तीन बरण्या जमल्या.

तिन्ही सिसिलियासाठी होत्या. केळीच्या बागेत राबणारी बाविशीची पोर. गुडघ्याखालच्या हाडात गाठ. ती खरवडल्यावर होणारी पोकळी भरायला तिच्या कमरेचं हाड पुरलं नसतं, आणि भरली नाही तर पाय कापावा लागणार होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अर्नाळ्याचा एक बरा झालेला पेशंट डॉक्टरांसाठी टोपलीभर पापलेटं घेऊन आला. आमच्याकडे ताजी मासळी आली की पहिला विचार बर्फाचा. मी बरण्या बाहेर टेबलावर ठेवल्या, पापलेटं आत कोंबली. पाचच मिनिटं, म्हटलं. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली. परतले तेव्हा दुपार कलली होती.

डॉक्टरांनी बरण्या हातात घेऊन पाहिल्या. "वितळलं की ते हाड नाही, कचरा," एवढंच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. सिसिलियाला जाऊन म्हणाले, "हाड माझ्याकडून खराब झालं. थोडं थांबू या." माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. मी औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

मग वाट पाहणं सुरू झालं. गाठ वाढत होती. फाटकात रिक्षा थांबली की डॉक्टर खिडकीशी धावायचे. एकदा मला म्हणाले, "कुणाचा तरी खुबा मोडू दे, असं म्हणवत नाही सिस्टर, आणि मनातून जातही नाही."

तिसऱ्या आठवड्यात रिक्षातून डॉक्टरांच्या आईलाच उतरवलं. विहिरीशी पाय घसरून खुबा मोडला होता. इतरांसारखाच संमतीचा कागद त्यांनी तिच्यापुढे धरला, पण समजावायला तोंडातून शब्द फुटेना. म्हातारीच वैतागली. "कोनाला लागनार असंल तर घे ना रे! मोडलंय ते काय मी जपून ठेवू?" आणि अंगठा उठवला.

तिचं हाड आणि सिसिलियाच्या कमरेचं मिळून पोकळी भरली, सिसिलियाचा पाय वाचला. नाताळच्या आधी सिसिलिया केळ्यांचा घड घेऊन स्वतः चालत आली. "डॉक्टर, हाड कोनाचं ते सांगा ना. चर्चमधी त्यांच्या नावानं मिस्सा लावायचीय, प्रार्थना."

"नाव सांगायचं नसतं," डॉक्टर म्हणाले.

ती गेल्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज कुणीतरी पडायची वाट बघत होतो ना मी. आईला हे कसं सांगू, सिस्टर?"