अप्पांचा पाय आणि दोन वायू

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून फक्त माशा येत होत्या. रिकामा माणूस काय करील? मी मोबाईलवर वाचून वाचून डॉक्टर झालो. पेशंट घरातच होता. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घोट्याजवळची जखम काही केल्या भरत नव्हती. साखरेचा जुना आजार. सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं, "महिनाभरात सुधारणा दिसली नाही, तर पाय वाचवणं अवघड आहे."

अप्पा मूळचे उदगीरचे. त्यांना घाई नव्हती. "उदगीर जिल्हा व्हायलाय. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येतोय. तिथंच दाखवू."

आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "जिल्हा व्हायला मंत्रालय लागतं. पाय सडायला काई लागत न्हाई."

नांदेडहून अक्काचा, माझ्या मोठ्या बहिणीचा, रोज फोन. तिथं ऑक्सिजनची बंद नळी होती. माणूस आत झोपतो, दाब वाढवतात आणि शुद्ध ऑक्सिजन रक्तात मुरतो. मी मात्र ओझोनच्या बाजूचा. कारण शास्त्रीय होतं: ओझोनवाला दवाखाना माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत होता.

"अक्का, ओझोन जंतू मारतो."

"आन् मेलेल्या जंतूंनी जखम भरती का रे? मुळाला पाणी नगं?"

खतवाल्याला मुळाचं शिकवायला निघाली होती. मी फोन ठेवला आणि हट्टानं अप्पांना ओझोनला नेलं. गुडघ्याखाली प्लास्टिकची पिशवी बांधायची, आत वायू सोडायचा, बाहेर गळू द्यायचा नाही. वास हुबेहूब झेरॉक्सच्या दुकानासारखा. अप्पा खूश. शेजारच्या खुर्चीवर अंबाजोगाईचा एक म्हातारा पिशवीत पाय घालून बसायचा. जिल्हा होण्याचा पहिला मान उदगीरचा की अंबाजोगाईचा, यावर दोघं इतके भांडायचे की वायू संपला तरी उठायचे नाहीत.

जखमेचा वास कमी झाला, पण ती आकारानं तेवढीच राहिली. डॉक्टरनं विचारलं, "अप्पा, पायावर भार देत नाही ना?"

"छ्या! पलंगावरून उतरतच न्हाई मी."

मी छताकडं बघितलं. टँकरचा हॉर्न वाजला की सगळ्यात आधी घागर घेऊन अप्पाच रस्त्यावर असायचे. लाईन मोडणाऱ्याला शिव्या देणं हे काम ते दुसऱ्या कुणावर सोपवायला तयार नव्हते. शेवटी मी खरं सांगितलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "मग माझा ओझोन काय करील? आणि खरं सांगू, अशा जखमेत ऑक्सिजनचा अनुभव जास्त आहे, ओझोनचा पुरावा अजून कमी. नांदेडला न्या."

अक्कासमोर हरून जाणं किती जड गेलं, ते मलाच ठाऊक. गाडीतून उतरलो तेव्हा दाजी, म्हणजे तिचे यजमान, फक्त एवढंच म्हणाले, "या डॉक्टरसाहेब."

नळीपाशी खरी अडचण निघाली. आत धातू नको, तेल नको, नुसते सुती कपडे. अप्पांनी घड्याळ काढलं, करदोडा काढला. तिथल्या माणसानं गळ्याकडं बोट दाखवलं. आम्ही लिंगायत; चांदीच्या डबीत अप्पांचं इष्टलिंग होतं. दीक्षेपासून ते अंगावरून कधी उतरलं नव्हतं.

"ते न्हाई निघायचं."

"बाबा, नियम आहे."

"मंग पाय घ्या कापून," अप्पा म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

अक्का रडवेली झाली. मी मठातल्या स्वामींना फोन लावू लागलो, लागेना. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आई बोलली, "ही चांदीची डबी आली माझ्या बापाकडून, लग्नात. त्याच्या आधी काय तुमी बिनालिंगाचे फिरत होता व्हय?"

अप्पांचा हात डबीवर गेला.

"फडक्यात बांधलेलं असायचं. तुमच्या आईनंच सांगितलंय मला. आता चांदीशिवाय देव ओळखना झालाय का तुमाला?"

तिथल्या डॉक्टरांनी लिंग दुरूनच नीट पाहिलं, अप्पांना दोन-चार प्रश्न विचारले आणि कोऱ्या सुती कापडात बांधून न्यायला हरकत नाही म्हणाले. गाठ आईनंच मारली. अप्पा नळीत शिरले. काचेतून आमच्याकडं बघत होते, दाब वाढला की कान धरायचे, आणि आई बाहेरून हातानं दम द्यायची: "गिळा, थुंकी गिळा!"

उरलेला उन्हाळा अप्पा अक्काकडं राहिले. ड्रेसिंग, साखरेवर नजर आणि पाय उशीवर. जखमेच्या कडांना गुलाबी कातडी धरू लागली. सर्जननं परत पाहून सांगितलं, पाय राहतोय.

आता श्रेयाचं भांडण. अक्का म्हणे ऑक्सिजन. मी म्हटलं, जमीन ओझोननं तयार केली होती. अप्पा वर बोट दाखवत. आई म्हणाली, "नांदेडात दारात टँकर येत न्हाई, म्हणून बरा झाला माणूस." नांदेडचे डॉक्टर हसले आणि म्हणाले, "निम्मं आजींचं खरं."

मग त्यांनी मऊ तळव्याची खास चप्पल दिली. अप्पांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, पायात घातली, सगळा व्हरांडा चालून आले आणि म्हणाले, "चप्पल बरी हाय. पण लई म्हाताऱ्या माणसाची दिसतीया. दुसरा रंग न्हाई का?"