रामेश्वरचा जन्मदाखला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वस्तादांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. मग तुम्हालाच का? — कारण वैताग आलाय. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द राहू द्या बाजूला. रोज उठून एखादा माणूस तुमचे उपकार मानतो आणि ते उपकार तुम्ही केलेलेच नसतात, तेव्हा काय होतं, ठाऊक आहे तुम्हाला?

आसेगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आधार, पॅन, दाखले, सगळं. येईल तो एक जूनला जन्मलेला! शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारायचं, जन्म कधीचा. बापानं सांगायचं, पेरणीच्या आधी की नंतर. आणि मास्तरांनी एक जून ठोकून मोकळं व्हायचं. गावाच्या या खोडीवर मी दिवसातून चारदा चिडतो. चिडायचा अधिकार मला किती आहे, ते पुढं कळेलच.

रामेश्वर माझा तालमीतला जोडीदार. सव्वाशे किलोचा, शांत आणि — खरं सांगायचं तर — महाआळशी. तालमीत सात वर्षं मी त्याला पाडत आलो. हे लक्षात ठेवा, कारण मी ते कधीच विसरू शकलो नाही. एकदा परराज्यात सुमोची स्पर्धा निघाली. वस्ताद म्हणाले, दोघंही जड आहात, जाऊन पाहा.

सुमोचा हिशेब सोपा असतो. दोराच्या रिंगणाबाहेर पाय पडला, किंवा तळपायाखेरीज अंगाचं काहीही जमिनीला टेकलं, की खेळ खलास. मी आमच्या मातीतला हुशार गडी. समोरचा अंगावर आला की एक पाऊल मागं सरून डाव टाकायचा, हीच माझी कमाई. मी एक पाऊल मागं सरलो — आणि बाहेर! पहिल्याच लढतीत. आणि रामेश्वर? त्याला मागं सरायचाही कंटाळा. तो नुसता उभा राहिला आणि समोरचे एकेक करून बाहेर जात राहिले. तिसरा आला गडी.

तिथं जपानहून एक म्हातारे गृहस्थ आले होते, तिकडचे जुने मल्ल. सोबत हिंदी बोलणारा दुभाषी होता. त्यांना रामेश्वर आवडला. धंदेवाईक सुमोत न्यायचं म्हणाले. त्यांच्या तालमीतच राहायचं, पहाटे सराव, थोरल्यांची सेवा, मग वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा, एकेक पंधरा दिवसांची. एका तालमीत बाहेरदेशचा एकच गडी घेतात आणि त्यांच्याकडे ती जागा रिकामी होती. अट एकच : वय तेवीसच्या आत हवं, पुराव्यासकट, महिनाभरात. नंबर माझा दिला, कारण इंग्रजी वाचणारा मी.

रामेश्वरच्या शाळेच्या टीसीवर वय निघालं चोवीस. त्याची आई हळहळली, "अरे, थोरलीच्या संगं शाळेत जावा म्हणून दोन वरसं वाढवून सांगतले होते त्याच्या बापानं! तवा कोणाले ठावं होतं?" आईबाप हंगामाला बाहेरगावी कामाला जायचे, पोरगा घरी एकटा राहू नये, एवढाच त्यांचा गुन्हा. पण तो जन्मला होता गावातच, म्हणजे पंचायतीच्या जुन्या रजिस्टरात खरी नोंद असणार. रामेश्वर मला म्हणाला, "सुधाकर, मले कागदातलं काई समजत नाही. तूच पाय बाप्पा."

मी पाहिलं. आणि — अजून थोडं थांबा, मी टाळत नाहीये. नाही, टाळतोच आहे.

नोंद सापडली. तिसऱ्याच दिवशी. बापाचं नाव, आईचं नाव, अपत्य मुलगा, तारीख स्पष्ट. दाखलासुद्धा तयार करून हातात मिळाला. त्याच दिवशी दाखल्याचा फोटो काढून जपानला पाठवायचा होता. एक बोट दाबायचं काम! संध्याकाळी रामेश्वर दुकानात आला, घामानं भिजलेला, आणि मी त्याला म्हणालो, रजिस्टरची ती पानंच वाळवीनं खाल्लीत. मग त्याच्या देखत मी जपानला कळवलं : वय चोवीस, दुसरा पुरावा नाही.

त्यानं बाकावर बसून घाम पुसला. मग म्हणाला, "जाऊ दे. तू कायले तोंड पाडतं? तू लय धावपळ केली."

का केलं मी असं? मनाला मी पुष्कळ समजावलं. माळकरी घरचा पोरगा, तिथं मासे कसा खाईल? थंडीत कसा टिकेल? आईला कोण बघेल? सगळं झूठ. मी जळत होतो, बस्स. सात वर्षं ज्याला मी चीत केलं, तो विमानात बसणार आणि मी इथं झेरॉक्स काढत राहणार, हे मला सोसेना. इतकं साधं, इतकं हलकट कारण.

आता रामेश्वर रिसोडच्या मार्केटात सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, उचलतो. दर सुट्टीला न चुकता दुकानात येतो आणि नव्या माणसाला माझी ओळख करून देतो, "हा सुधाकर. यानं माह्यासाठी जपानपावतर कागद धाडले." मागं तालमीच्या कार्यक्रमात मला शाल-नारळ द्यायलाही त्यानंच लावलं. मी चिडतो, तोडून बोलतो, गिऱ्हाईक आहे म्हणून हाकलतो. तो हसतो. म्हणतो, "हा असाच हाय, पण दिलाचा साफ हाय." सांगा, या माणसाचं काय करायचं?

आणि मोबाइल! जपानच्या त्या तालमीतली ती एक जागा पुढं मंगोलियाच्या एका गड्याला मिळाली. स्पर्धा लागली की रामेश्वर माझ्याच बाकावर बसून मोबाइलवर त्याच्या लढती पाहतो. मला हाक मारतो, "पाय ना बे, माह्या जागेवरचा जिकून राह्यला!" टाळ्या वाजवतो, अगदी मनापासून. त्या गड्याचा हेवा त्याला कधी वाटला नाही. सुरुवातीला मला वाटायचं, नाटक करतो. तो नाटक करत नाही, हेच मला सहन होत नाही.

गेल्या महिन्यात त्याला मुलगी झाली. तिच्या जन्मदाखल्याचं काम त्यानं माझ्याकडे दिलं. "तारीख बरोबर लावजो, सुधाकर. माह्यासारखं नको व्हाले." मी त्याच दिवशी दाखला काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, खिशात नीट घडी करून ठेवला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. मी गिऱ्हाइकाकडे वळलो.

त्या संध्याकाळी मी खोटं बोललो, तेव्हा रामेश्वर बावीस वर्षांचा होता. आता तो खरोखरच तिशीला आलाय. आता खरा दाखला दाखवला, तरी कुणी त्याला घेणार नाही.